लिफ्ट बंद करणारा माणूस

लिफ्टकाका हे नाव त्यांना इमारतीतल्या मुलांनी दिलं आणि पुढे मोठ्यांनीही ते उचललं. निवृत्त इंजिनिअर, त्यातून उभा जन्म लिफ्ट बसवण्यात आणि तपासण्यात गेलेला, त्यामुळे नाव चपखल बसलं. सुरुवातीला त्यात कौतुक होतं. मग एक काळ असा आला की जिन्यात कुणी "आले बघा लिफ्टकाका" म्हटलं की पाचव्या मजल्यावर काकूंची कानशिलं तापायची. तो काळही गेला. आता काकाच गेले. थोडेच महिने झालेत. काकू अजून त्यांच्याबद्दल बोलताना "येतात", "म्हणतात" असंच बोलून जातात आणि मग जीभ चावतात.

घरात त्यांचं चित्त लागत नाही. पुस्तक उघडतात, मिटतात. गॅसवर काहीतरी ठेवतात आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहतात. मुलगी फोनवर म्हणते, "आई, एका जागी शांत बस ना जरा." काकू म्हणतात, "बसते." आणि फोन कानाला लावूनच घरभर फिरत राहतात. डोक्यात काका सुरू असतात. ते कधी क्रमाने येत नाहीत. जिवंतपणी कधी क्रमाने वागले नाहीत, तर आता काय वागणार!

माणसाच्या पायाला भिंगरी होती. जेवताना घास हातात धरून उठायचे, कारण कुठेतरी नळ टपकत असायचा. पाहुणे बोलत असताना मध्येच जाऊन खिडकीची खडखडणारी कडी घट्ट करून यायचे. पाहुण्यांना वाटायचं, यांना आपला कंटाळा आलाय. तसं काही नसायचं, कान तिथेच असायचे, शब्दन्‌शब्द ऐकलेला असायचा. "अहो, टेका की जरा!" असं काकू रोज म्हणायच्या आणि काका रोज "हो, हो" म्हणायचे. उभ्यानेच.

दोघांची गाठ पडली ती कंपनीत. लिफ्ट बनवणारी कंपनी होती आणि काकू तिथे ट्रेसर होत्या. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंग्ज पारदर्शक कागदावर शाईने उतरवून काढायची, हे त्यांचं काम. काका नवे नवे लागले होते. डोकं तल्लख, पण अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. एकदा काकू त्यांचा कागद घेऊन थेट त्यांच्या टेबलाशी गेल्या.

"हा तीन आहे की आठ?"

काकांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला. "कुठला?"

"हा. तीन असेल तर तीन काढते, आठ असेल तर आठ. मला दोन्ही येतात."

"आठ," काका म्हणाले. काकू वळल्या तशी मागून हाक आली, "अहो, थांबा! तीन. तीनच."

त्यानंतर त्यांचं प्रत्येक ड्रॉइंग ते स्वतः घेऊन यायला लागले आणि काकूंच्या टेबलाशी या पायावरून त्या पायावर करत उभे राहायला लागले. सगळं ड्रॉइंग ऑफिस खाली माना घालून हसायचं. लग्नाचं विचारलं तेही चालता चालता, कॅंटीन आणि फाटक यांच्या मधल्या रस्त्यावर. काका इतके भराभर चालत होते की काकूंना अर्धं वाक्य ऐकू आलं आणि अर्धं वाऱ्यावर गेलं. धापा टाकत त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी थांबा, मग विचारा." काका थांबले. पण थांबल्यावर त्यांना शब्दच फुटेना. शेवटी काकूच "बरं, हो" म्हणून मोकळ्या झाल्या.

लग्नानंतर थोड्या वर्षांत ते ड्रॉइंगच्या टेबलावरून उठून बाहेरच्या कामावर गेले, कुठे लिफ्ट बसवायला, कुठे बिघडलेली बघायला. त्याच सुमाराला एका गोदामातली मालाची लिफ्ट दोन हमालांना घेऊन खाली कोसळली. ब्रेक घसरतोय असं तिथल्या लोकांनी आधी कळवलं होतं. काकांच्या वरच्या साहेबांनी ते ऐकून "चालेल अजून" म्हटलं होतं. काकांचा त्यात काही संबंध नव्हता, पण कारण शोधायला दुसऱ्या दिवशी पाठवलं त्यांनाच. तिथे काय बघितलं ते त्यांनी काकूंना एकदाच सांगितलं, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत. पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून "चालेल" हा शब्द त्यांच्या घरातून हद्दपार झाला. शर्ट कसा दिसतो, भाजीत मीठ पुरे झालं का, कशालाही कुणी "चालेल" म्हटलं की काका वळून विचारायचे, "चालेल म्हणजे काय? बरं आहे की नाही?" मुलं मुद्दाम त्यांच्यासमोर "चालेल, चालेल" करून पळायची.

मुलांवर जीव म्हणजे किती! मुलाला लहानपणी दम्याचा त्रास होता. आडवं केलं की छाती घरघरायची. काका कामावरून आले की त्याला खांद्यावर उभं धरून गॅलरीत फेऱ्या मारायचे, तो शांत होईपर्यंत. काकू म्हणायच्या, "आणा, मी घेते." काका म्हणायचे, "मला नाहीतरी फिरायचंच असतं." मुलगी धडधाकट होती, पण तिला बंद लिफ्टची भीती. दार सरकायला लागलं की किंचाळून बाहेर यायची. नातेवाइकांना हे फार गमतीचं वाटायचं: लिफ्टवाल्याची पोर आणि लिफ्टला भिते! कुणी सुचवलं, एकदा जबरदस्तीने आत उभी करा, भीती मोडेल. काका एरवी कुणावर चढत नसत, पण त्या माणसाला म्हणाले, "तुमची मोडा आधी." मग मैत्रिणीकडे असो, डॉक्टरकडे असो, कितव्याही मजल्यावर जायचं असो, बापलेक जिन्याने जायचे आणि काका तिला वाटेत मजल्यामजल्यावरच्या दारांवरून आतली माणसं कशी असतील ते ओळखायला लावायचे. तीच मुलगी आता दुसऱ्या शहरात विसाव्या मजल्यावर राहते आणि लिफ्टमध्ये उभ्या उभ्या आईशी फोनवर बोलते.

पण म्हणून काकांबरोबर राहणं सोपं होतं असं कुणी समजू नये. परदेशातली मोठी नोकरी चालून आली होती, ती त्यांनी मुलाच्या डॉक्टरांपासून लांब जायचं नाही म्हणून परस्पर नाकारली आणि घरी महिन्याभराने सांगितली. काकू हो म्हणाल्या असत्या की नाही, हा प्रश्न वेगळा. विचारलं नाही, हे काकूंना लागलं. घरासाठी जीव टाकणाऱ्या या माणसाची एक खोड होती, घरासाठीचे निर्णय तो एकटाच घेऊन टाकायचा.

निवृत्त झाल्यावर तर घरातली एक वस्तू त्यांच्या तावडीतून सुटली नाही. मिक्सर उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं, काकूंचं शिवणयंत्र उघडलं. काकू हात जोडून म्हणाल्या, "बाहेर जा, काय वाटेल ते करा, पण माझ्या मशीनला हात लावू नका." तेव्हा ते इमारतीकडे वळले. कुणाची बेल, कुणाचा पंप, कुणाच्या दाराची बिजागरी. लिफ्टकाका हे नाव याच दिवसांतलं.

मग काकू न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. वॉकर धरून घरी परतल्या तेव्हा इमारतीच्या जुन्या लिफ्टमधूनच वर आल्या. काकांनी त्यांना धरलं होतं, पण त्यांचा दुसरा तळहात लिफ्टच्या भिंतीवर टेकलेला होता आणि नजर छतावर होती. काकू ती नजर ओळखून होत्या.

"काय झालं?"

"काही नाही. तू पाय नीट टाक."

दुसऱ्या दिवशी काका सेक्रेटरीकडून किल्ली घेऊन गच्चीवरच्या मशीन रूममध्ये गेले. परत आले ते हात काळे करून. हात न धुताच काकूंच्या पलंगाशी उभे राहिले.

"दोरांच्या तारा तुटायला लागल्यात. चाकाच्या खाचा झिजल्यात. आणि लिफ्ट सुटलीच तर तिला जागेवर धरून ठेवणारा जबडा असतो, तो गंजून बसलाय. हललासुद्धा नाही."

"मग? सांगा त्यांना."

"सांगितलं. अध्यक्ष म्हणतात, इतकी वर्षं चाललीय." काका पलंगाच्या पायथ्याकडून उशाशी गेले, परत पायथ्याशी आले. "मी लिफ्ट तपासणाऱ्या सरकारी खात्याला कळवतोय. ते येऊन सील लावतील. नवी लिफ्ट बसेपर्यंत तुला खाली उतरता यायचं नाही."

"मला विचारताय की सांगताय?"

काकांनी काळे हात एकमेकांवर पुसले. मग म्हणाले, "सांगतोय."

सील लागलं. इमारतीत शिमगा करायचा तेवढा लोकांनी केला. सभा झाल्या, नव्या लिफ्टच्या खर्चाचा भार कुणी किती उचलायचा यावर भांडणं झाली, वरच्या मजल्यांनी खालच्यांना ऐकवलं, खालच्यांनी वरच्यांना. तिसऱ्या मजल्यावर एका दंतवैद्यांचा दवाखाना होता, त्यांचे म्हातारे पेशंट जिना बघून माघारी जायला लागले. दंतवैद्य काकांशी बोलेनासे झाले. कुणीतरी लिफ्टच्या दारावर खडूने लिहिलं, "लिफ्टकाकांच्या क्रुपेने बंद". काकांनी ते वाचलं, खिशातून रुमाल काढला, "क्रु" पुसून तिथेच पडलेल्या खडूने "कृ" लिहिलं आणि बाकीचं तसंच ठेवून वर आले.

वर काकूंचं काय होत होतं, ते काकूंनाच ठाऊक. पलंग, खुर्ची, गॅलरी, पुन्हा पलंग. खाली रस्ता वाहत असायचा, माणसं कुठे कुठे निघालेली असायची. आणि या, आयुष्यभर भिंगरीच्या मागे धावलेल्या, आता पिंजऱ्यात. काका त्यांच्यासाठी दिवसभर जिने चढायचे, उतरायचे. वाचनालयातून पिशवीभर पुस्तकं आणायचे, त्यातली निम्मी वाचलेली निघायची. चपलांच्या दुकानदाराला गळ घालून खोकीच्या खोकी वर आणली, काकूंना पसंत करता यावं म्हणून. गॅलरीला कप्पी लावून टोपली सोडली, खालून भाजीवाली तीत भाजी टाकायची आणि काकू ओढून घ्यायच्या. पहिले काही दिवस त्यात मजा वाटली. मग एक दिवस काकूंनी टोपली अर्ध्यावर सोडून दिली. टोमॅटो रस्ताभर झाले.

मुलगा आला तेव्हा तर स्फोटच झाला.

"बाबा, दुसऱ्या कुणी तक्रार केली असती तर समजलो असतो," तो म्हणाला. "तुम्हीच आईला कोंडलंत."

काका खिडकीची काच पुसत होते. पुसतच राहिले. "पडली असती तर कुणी कोंडलं असतं?"

"पडली असती, पडली असती! एवढी वर्षं पडली का?"

"मला घेऊन जा," काकू मुलाला म्हणाल्या. "मला इथं आता एक दिवस राहायचं नाही." त्या काकांकडे बघत नव्हत्या. "सगळ्या जगाची काळजी यांना. मला साधं विचारलं असतं, थोडे दिवस थांबू का, तू चालायला लागलीस की मग कळवू का? नाही! माणसापेक्षा दोर महत्त्वाचे."

खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं. मुलगा, पहारेकरी आणि आणखी दोघं. काका पुढे, तोंड खुर्चीकडे करून उलटे पायऱ्या उतरत होते. "सावकाश. इथं वळण आहे. तिच्या पायाला कठडा लागेल." काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

मुलाचं घर तळमजल्यावर, पुढे छोटं अंगण. काकूंना वाटलं होतं, इथं जिवाला स्वस्थता येईल. कुठली येतेय! अंगणात चालायच्या, व्यायाम करायच्या, आणि दुपार कलायला लागली की कान फाटकाकडे. काका रोज बसने यायचे. पहिल्या दिवशी फाटकाची कुरकुर काढली, दुसऱ्या दिवशी नळ बदलला. दोघांचं बोलणं म्हणजे "गोळ्या घेतल्यास?" "घेतल्या." "जेवलात?" "हो." एवढंच. एका दिवशी मात्र ते आले नाहीत. आधी काकूंना राग आला, मग काळजी वाटायला लागली, आणि तेवढ्यात फोन वाजला. दंतवैद्य होते, जे काकांशी बोलत नव्हते ते.

"काकू, तुम्ही जरा येता का? काका लिफ्टमध्ये बसलेत."

काकूंनी विचारलं, "अडकलेत?"

"नाही हो. बसलेत. स्टूल टाकून. उठायला तयार नाहीत."

झालं होतं असं. लोकांचा धीर सुटला होता. अध्यक्षांनी कुठून तरी एक मेकॅनिक आणून सील काढायला लावलं, मशीन रूमला नवं कुलूप घातलं आणि लिफ्ट सकाळी सुरू केली. दोन-चार जण वर-खाली गेलेही. काकांना कळलं तसे ते पहारेकऱ्याचं स्टूल घेऊन तळमजल्यावर आत जाऊन बसले, दाराच्या फटीत पाय ठेवून. दार मिटत नाही तोवर लिफ्ट हलत नाही.

मुलाने काकूंना गाडीतून आणलं. दाराशी ही गर्दी. कुणी हात ओढत होतं, कुणी पोलिसांना बोलवायचं म्हणत होतं. आणि मध्ये काका, हात मांडीवर, पाठ ताठ. ज्या माणसाला काकूंनी एक घास स्वस्थ बसून खाताना पाहिलं नव्हतं, तो दगडासारखा बसला होता.

"तू कशाला आलीस?" काका म्हणाले.

"तुम्ही बसलाय असं कळलं. म्हटलं, हे तर बघायलाच हवं."

एकजण फसकन हसला. काकूंनी मुलाला एक खुर्ची आणून लिफ्टच्या दाराशीच ठेवायला लावली आणि टेकल्या. काकांचे ओठ सुकले होते. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नव्हता.

"मला अजून राग आहे," काकू हळू आवाजात म्हणाल्या.

"असू दे."

"पण उठू नका."

काकांनी मान हलवली. गर्दी आपली बोलून दमली. अध्यक्ष दुकानातून आले. कापडाचे व्यापारी होते, गळ्यात टेप तशीच. चिडले होते, पण काकूंना बघून अवघडले.

"काकू, तुम्ही तरी समजवा."

"मला त्यातलं कळत नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही एकदा स्वतः वर जाऊन बघितलंय का?"

"मी बघून मला काय कळणार?"

"बघा तर खरं. तुम्हाला ठीक वाटलं तर मी यांना हाताला धरून उठवीन. शब्द देते."

अध्यक्षांना वर नेऊन दाखवायला काकाच जाणार, तर मग लिफ्टमध्ये कोण बसणार? ते उठले की कुणीतरी बटण दाबेल. काकू वॉकर टेकवत उठल्या, दोन पावलं आत टाकली आणि स्टुलावर बसल्या. काका एकदम म्हणाले, "तू नको." काकू म्हणाल्या, "तळमजला आहे. इथून कुठं पडणार? जा लवकर." काकांनी त्यांचा वॉकर दाराच्या फटीत आडवा घातला, हलवून बघितला, मुलाला तिथून न हलायला बजावलं आणि मग अध्यक्षांबरोबर जिना चढायला लागले.

त्यांची पावलं वर वर जात ऐकू येईनाशी झाली. काकू एकट्या. पहिल्यांदाच त्यांनी छताकडे बघितलं. पत्र्याचं छत, त्यात एक पिवळा दिवा आणि त्याच्या पलीकडे तो अंधारा उंच बोगदा, ज्याविषयी काका आयुष्यभर बोलत आले होते आणि काकूंनी अर्धं ऐकलं होतं. मुलगी लहानपणी कशाला भ्यायची ते आत्ता कळत होतं. त्यांना उठून पळावंसं वाटत होतं. उठल्या नाहीत.

अध्यक्ष खाली आले. त्यांच्या हातात त्यांचा रुमाल होता. काकांनी वर त्यांना एवढंच सांगितलं होतं, की रुमाल दोरावरून हलक्या हाताने फिरवा. रुमाल तुटक्या तारांत जागोजागी अडकला होता. त्याचे धागे निघाले होते, मधोमध फाटला होता. अध्यक्षांनी तो पहारेकऱ्याच्या टेबलावर पसरला आणि बोट त्या भोकांवरून फिरवलं, गिऱ्हाइकाला खराब माल दाखवावा तसं.

"डॉक्टर," ते दंतवैद्यांना म्हणाले, "आजपासून जिना." आणि मग कुणाकडेच न बघता, "माझी नात सकाळी यातून गेली."

नवी लिफ्ट बसायला तरी बरेच महिने गेले. भांडणं काही संपली नाहीत, फक्त आता ती काकांच्या नावाने होईनात. काकू तोवर थांबल्या नाहीत. पावसाळा सरला तसं त्यांनी ठरवलं, मुलाकडून घरी परतायचं, जिना आपण चढायचा. एका हाताला कठडा, दुसऱ्या हाताला काठी, मागे काका. मजल्यामजल्यावर टेकत चढल्या. तिसऱ्या मजल्यावर दंतवैद्यांनी न सांगता खुर्ची बाहेर आणून ठेवली. काकूंना दम लागलेला, दंतवैद्यांना काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणाले, "आलाच आहात तर दात बघू का?" काकूंना जे हसू लोटलं, की काकांना त्यांची काठी धरावी लागली. त्या दिवशी घरात पाऊल टाकल्यावर काका म्हणाले, "त्या वेळी मी विचारायला हवं होतं तुला."

"काय म्हणाले असते मी?"

"थांबा म्हणाली असतीस."

"आणि तुम्ही थांबला असता?"

काकांनी बराच विचार केला. "नाही," ते म्हणाले, आणि पाणी आणायला आत गेले.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग काकांचं हृदय कुरबुर करायला लागलं. दवाखान्यात ठेवलं तेव्हा नळ्या लावलेल्या, उठायला बंदी. काकूंना त्यांच्याकडे बघवत नसे. बोटं चादरीवर सारखी काहीतरी फिरवत, पिळत असायची. डॉक्टर म्हणत होते सुधारणा आहे. एका दुपारी काकांचं लक्ष काकूंच्या काठीकडे गेलं.

"खालचा रबर झिजलाय. फरशीवर घसरशील."

"घेईन नंतर."

"नंतर नाही. समोर दुकान आहे. जाऊन ये."

"अहो, मी इथं बसते ना तुमच्याजवळ."

"आधी रबर," काका म्हणाले, आणि असे मागेच लागले की काकू वैतागून उठल्या. "तुमची कटकट कधी संपायची आहे कुणास ठाऊक!" असंच म्हणाल्या. समोरच्या दुकानात रबर मिळाला, दुकानदाराने बसवूनही दिला. परत आल्या तेव्हा खोलीत तीन-चार माणसं उभी होती आणि त्यांना आत जाऊ देत नव्हती.

हे काकू कुणाला सांगत नाहीत. मुलांनाही नाही. त्यांना राग येतो आणि कुणावर काढावा ते कळत नाही. जाण्याआधी हातात हात घेऊन काही बोलावं, तर नाही! रबर. आणि मग त्या उठतात, काठी घेतात, घरातून बाहेर पडतात आणि पाय नेतील तिकडे चालत राहतात. पाय आता घसरत नाही.

मागच्या आठवड्यात दारावर एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील, ओळखीच्या नव्हत्या. काका गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. "आमच्या इमारतीची लिफ्ट साहेबांनी बंद केली होती," त्या म्हणाल्या. "कंपनीतर्फे तपासायला आले आणि बंदच करून गेले. मी सातव्या मजल्यावर, आणि दिवस भरत आलेले."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या.

"मी त्यांना जिन्यात गाठून नाही नाही ते बोलले. ते ऐकून घेत उभे राहिले आणि मग माझी पिशवी घेऊन सातव्या मजल्यापर्यंत आले. दारात ठेवली आणि गेले. मला वाटलं होतं, कधीतरी भेटून सांगू. राहूनच गेलं." त्यांनी पदराने डोळे टिपले. "फार शिव्या दिल्या हो मी त्यांना."

"मीसुद्धा," काकू म्हणाल्या.

"तुम्ही काय दिल्यात?" काकूंनी विचारलं. बाईंनी जरा घुटमळत सांगितल्या. काकू म्हणाल्या, "या तर काहीच नाहीत," आणि त्यांनी आपल्या सांगितल्या. मग दोघी अशा काही हसल्या की शेजारीण दार उघडून डोकावली.

बाई निघाल्या तशा काकूही चपला घालून निघाल्या. "तुम्ही कशाला त्रास घेता?" बाई म्हणत होत्या, पण काकू लिफ्टने खाली आल्या, फाटकाबाहेर आल्या, बोलत बोलत बसथांब्यापर्यंत आल्या. मूल काय झालं, मुलगी की मुलगा, आता काय करतं, घर अजून तेच का, सगळं विचारून झालं. एक बस आली आणि गेली.

"अहो, तुमची होती ना ही?"

"येईल दुसरी," बाई म्हणाल्या.

दुसरी आली. बाई चढल्या, खिडकीतून हात हलवला. काकू थांब्यावर उभ्या राहिल्या. घराकडे वळल्या, चार पावलं गेल्या, थांबल्या. ऊन उतरलं होतं, दुकानांची दारं उघडत होती, समोरून शाळेतून सुटलेली मुलं येत होती. काकूंनी काठी या हातातून त्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडून उलट्या दिशेला चालायला लागल्या.